रूपकुंडची वाट पुन्हा खुली करावी का?

पाऊलवाट:
ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि रूपकुंडचा, म्हणजे माणसांच्या सांगाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या हिमालयातल्या तळ्याचा, ट्रेक बंद पडला. बेदिनी, पातर नचौनी, भगवाबासा असे मुक्काम केल्याशिवाय आपल्यासारख्यांना वर पोचताच येत नाही. माझ्या मते ही बंदी उठवावी. त्याच निकालात २०० पर्यटकांची मर्यादाही होती. ती काटेकोर पाळा आणि मुक्कामाला परवाने द्या. २०१६ साली आमच्याबरोबर पायथ्याच्या वाण गावचा स्वयंपाकी होता. ट्रेकच्या चार-पाच महिन्यांत तो वर्षाची कमाई करायचा. त्यानं काय करायचं?

सह्यवेडी:
नकोच. मीही गेलेय, २०१५ ला. तंबू हलवला की खाली पिवळा चौकोन! ते गवत निम्मं वर्ष बर्फाखाली असतं. वाढायला उन्हाळ्या-पावसाळ्याचे जेमतेम चार महिने मिळतात, आणि त्यातच आपण जाऊन बसतो. टॉयलेट टेंटच्या खड्ड्यातलं त्या थंडीत लवकर कुजत नाही. खेचरांच्या टापांनी उकरलेली माती पावसात वाहून जाते. हा खटलाही आली-बेदिनी-बगजी बुग्यालांच्या संरक्षण समितीनंच लढवला होता.

शिवाय तळ्यातले ते सांगाडे. २०१९ मध्ये ३८ जणांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा कळलं की सगळे एकाच वेळी मेलेले नाहीत. काही इ.स. ८०० च्या सुमाराचे, तर चौदा जण १८०० च्या आसपासचे आणि भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या लोकांशी जुळणारे! ते तिथं कशाला आले होते, कोडंच आहे. आणि लोक आठवण म्हणून तिथली हाडं उचलून नेत होते.

डोंगरमाथा:
जाणं वेगळं, मुक्काम वेगळा. वाणला कुणाच्या घरी राहायचं, पहाटे निघून बेदिनी बघायचं, अंधारायच्या आत परत. दमछाक होते, पण जमतं. गावात दोन रात्री राहिलात तर पैसाही गावातच राहतो.

पाऊलवाट:
बेदिनीपुरतं पटलं. रूपकुंड मात्र राहिलंच. हाडांचं म्हणाल तर आमच्यातल्या एकानं उचललेलं हाड गाईडनंच परत ठेवायला लावलं होतं. आता वाटेवर कुणीच नसताना चोरून जाणाऱ्याला कोण अडवणार?

सह्यवेडी:
वनखात्यानं चौकी बसवावी आणि तुमच्या त्या स्वयंपाक्यालाच पगारी रखवालदार नेमावं. त्यासाठी मी आनंदानं शुल्क भरेन. तंबू मात्र एकही नको.