मदत हवी आहे: १९७२ ची एमजीबी, लातूर ते म्हैसमाळ, दोन रात्री तंबूत

मांजराकाठ:
फेब्रुवारीत म्हैसमाळला जुन्या स्पोर्ट्स गाड्यावाल्यांचा शनिवार-रविवार तंबूमुक्काम आहे. गाडी एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी), १७९८ सीसी, दोन एसयू एचएस४ कार्ब्युरेटर, तारांची चाकं, पंखा मूळचाच पट्ट्यावरचा. रस्ता अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, संभाजीनगर, खुलताबाद. अडचण अशी की गर्दीत गरम झाली की बंद पडायलीय, वीस मिनिटांनी काही झालंच नाही अशी चालू होते. पेट्रोल ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं. घरचे म्हणतात टेम्पोत घालून न्या. मला चालवतच न्यायचीय. काय काय बघून घेऊ? आणि दोघांचं सामान बसेल का?

पॉइंटगॅप:
बाप्पा, टेम्पोचं नंतर बघू. गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू, याला कारणं मुख्यतः दोन: पेट्रोल उकळणं किंवा कंडेन्सर (डिस्ट्रिब्युटरमधला, ठिणगी नीट पडायला लागणारा छोटा भाग). लक्षणं एकसारखीच, म्हणून लोक महिनोन्‌महिने कार्ब्युरेटर खोलत बसतात.

बंद पडली की लगेच स्टार्टर मारू नका. नुसती चावी फिरवून मागच्या उजव्या चाकाजवळच्या पंपाचा आवाज ऐका. थोडी टिकटिक होऊन थांबला तर बाऊल (कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठायच्या वाट्या) भरलेत, पेट्रोलचा प्रश्न नाही. टिकटिक थांबतच नसेल तर नळीत वाफ आहे, पंप कुठून तरी हवा ओढतोय, नाहीतर बाऊल भरून वाहतोय; नाकाला वास येतो का बघा. आवाजच नसेल तर पंपाचे पॉइंट चिकटलेत, पान्याच्या दांड्याने हलकं ठोका.

पंप ठीक निघाला तर कॉइलची मधली वायर रबरी मुठीच्या पकडीने इंजिनाच्या लोखंडापासून ५-६ मिमीवर धरा, कार्ब्युरेटरपासून लांब, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ठिणगी निळी, कडकडीत हवी. पिवळट, मरतुकडी दिसली तर कंडेन्सर बदला. हल्ली बाजारात येणाऱ्या नव्या कंडेन्सरवर माझा तरी भरवसा नाही, म्हणून दोन जवळ ठेवा. सोबत डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटचा एक संच आणि रोटर. पॉइंटचा गॅप ०.३८ मिमी, प्लगचा ०.६४.

सातमाळा:
वरचं बरोबर, पण ई२० ला हलक्यात घेऊ नका. जुन्या रबरी नळ्या त्यात फुगतात, आतून त्यांचा चुरा सुटतो आणि फ्लोटच्या सुईखाली अडकतो. मग बाऊल भरून वाहतो, आणि एमजीबीत कार्ब्युरेटरच्या बरोबर खाली तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असतो. पुढचं सांगायला नको. टाकीपासून बाऊलपर्यंतची सगळी रबरी नळी ३०आर९ (इथेनॉल सोसणाऱ्या नळीचा दर्जा) छापलेली घ्या. क्लिपाही नव्या. सीटमागे दोन किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक.

इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने इंधन कमी पडतं), आणि पातळ चालणारं इंजिन जास्त तापतं. कार्ब्युरेटरच्या जेटखालचा (पेट्रोल सोडणाऱ्या नळीखालचा) षटकोनी नट एक पैलू खाली घ्या, दोन्ही कार्ब्युरेटरना सारखाच. इंजिन तापलेलं असताना कार्ब्युरेटरची पिन दाबून त्याचा पिस्टन जेमतेम ०.८ मिमी उचला. इंजिनाचा आवाज क्षणभर चढून जागेवर आला तर जमलं. आचके देत पडायला लागला तर अजून पातळ आहे, आणखी एक पैलू. चढून चढलेलाच राहिला तर जास्त झालं, मागे या.

अॅम्बेसेडरवाले पंपावर ओला फडका टाकायला सांगतील. त्यांचा पंप इंजिनावर असतो. तुमचा मागे आहे. इथे उकळतं ते बाऊलमध्ये. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डमधला उष्णतारोधक पत्रा शाबूत आहे ना तेवढं बघा, आणि गाडी उभी केली की बॉनेट उघडा.

मुरूम:
रस्त्याचं सांगतो. शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीची गर्दी, वेरूळच्या पर्यटकांची वेगळी. दौलताबादच्या दिल्ली दरवाज्यात मोठी वाहनं एकेक करून निघतात, मागे रांग. तुमची गाडी तिथेच उकळणार. शुक्रवारी संभाजीनगरला मुक्काम करा आणि शनिवारी उजाडताच निघा. मांजरसुंब्याचा घाट त्यामानाने काहीच नाही. उतारावर तिसऱ्यात ठेवा, नुसत्या ब्रेकवर नको.

तारांच्या चाकात ट्यूब असते, ट्यूबलेसची पंक्चर पट्टी चालत नाही. दोन ट्यूबा आणि चाकाचा मधला नट सोडायला तांब्याचा हातोडा न्या. हवा पुढे २१ पीएसआय, मागे २४; सामान भरल्यावर मागे २६. टायरची नक्षी कितीही चांगली असो, कडेवरचे चार आकडे वाचा (आठवडा आणि साल). दहा वर्षांपुढचा टायर नको.

वरती म्हैसमाळला माती कमी, खाली काळा पाषाण. तंबूसोबत येणाऱ्या अॅल्युमिनियमच्या खुंट्या पहिल्याच ठोक्यात वाकतात. १० मिमी सळईचे फूटभर तुकडे एका टोकाला वाकवून घ्या, आणि जिथे तेही जात नाहीत तिथे दोरी धोंड्याला बांधा. पठारावर वारं जोरात असतं. गाडी वाळल्या गवतावर लावू नका. एक्झॉस्ट जमिनीलगत असतो, गवत पेटतं.

मांजराकाठ:
धन्यवाद दादा. कंडेन्सर आणि नळ्या या आठवड्यातच बदलतो. व्हीए मालिकेचा (व्हिंटेज गाड्यांचा) नंबर घेतला तर एवढ्या लांब चालवता येईल का? आणि सामानाचं राहिलंच.

पॉइंटगॅप:
२०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीला तो नंबर मिळतो, शुल्क २० हजार, मुदत १० वर्षं. रॅलीला, प्रदर्शनाला, दुरुस्तीला किंवा पेट्रोल भरायला नेता येते. रोजच्या वापराला नाही. साधी नोंदणी चालू असेल तर या एका खेपेसाठी बदलायची गरज नाही.

मुरूम:
डिकीत स्टेपनी आडवी असते, तिच्याभोवती मऊ पिशव्याच बसतात, कडक बॅग नाही. तंबू सीटमागे. डिकीवरच्या कॅरिअरला झोपायच्या पिशव्या आणि चटई, जड काही नको. पेट्रोलचा डबा गाडीत ठेवूच नका, संभाजीनगरला टाकी भरून वर चढा.