भांडुपच्या टेकडीवर एसआरएचं (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेचं) संमतीपत्र आलंय. सही करू का?

टेकडीवरची

भांडुप पश्चिमेला टेकडीवर आमची बैठी खोली आहे. 190 चौरस फूट, वर पोटमाळा. आजोबा संगमेश्वरहून आले. त्यांच्या नावाचा 76 सालचा फोटोपास, म्हणजे झोपडीच्या नोंदीचा सरकारी दाखला, आईने अजून दुधाच्या पिशवीत गुंडाळून ठेवलाय. खाली आई-बाबा आणि मी, माळ्यावर दादा-वहिनी आणि त्यांची छोटी. रिक्षा सोडते तिथून 112 पायऱ्या. सिलिंडरवाला दर वेळी वर आला की आधी शिव्या देतो, मग पाणी मागतो.

गेल्या महिन्यात बिल्डरची माणसं आणि आमच्याच गल्लीतले कमिटीवाले आले. 22 मजली इमारत, 300 चौरस फूट, तेही फुकट. घर तयार होईपर्यंत भाडं. आणि वर, "ताई, 51 टक्के लोकांच्या सह्या होत आल्यात, तुम्हीच मागे राहाल." आई काहीच बोलली नाही. ती दारात बसून रोज दीडशे पोळ्या लाटते, डबे भरते. बाविसाव्या मजल्यावर डबे न्यायला कोण येणार, एवढंच तिने रात्री विचारलं.

मला तीन गोष्टी कळत नाहीत. माळ्यावरच्या दादाला वेगळं घर मिळेल का? आईच्या धंद्याचं काय? आणि आहे तिथेच घरं नीट करून, गटार-पाणी घालून द्यायची एखादी योजना का नाही? सगळं पाडूनच सुधारायचं असतं का? ज्यांनी भोगलंय त्यांनी सांगा. पेपरात वाचलेलं नको.

सातवा_मजला

2009 पासून एसआरएच्या इमारतीत राहतोय. भोगलंय म्हणायला हरकत नाही.

दादाचं आधी सांगतो. माळ्याला वेगळं घर मिळत नाही. खालच्या खोलीला एक, बस्स. सहा माणसं 300 फुटांत बसवायची, हे गृहीत धरूनच हिशेब करा. तुमचा फोटोपास मात्र सोनं आहे. 1 जानेवारी 2000 च्या आधीच्यांना घर मोफत. त्यानंतर 1 जानेवारी 2011 पर्यंतच्यांना अडीच लाख भरावे लागतात. तुम्ही पहिल्यात.

आमचं घर 225 फुटांचं, तेव्हा तेवढंच होतं. संडास घरात आला. हे माझ्या आईने नऊ दिवस शेजारणींना सांगितलं, म्हणून त्याला हसू नका. पहाटे डबा घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाईलाच त्याची किंमत कळते.

आता दुसरी बाजू. बिल्डरने सोसायटीच्या नावे दर घरामागे 20,000 ठेवले होते. आमची 120 घरं, म्हणजे 24 लाख. व्याज महिन्याला 14,000 च्या आसपास. लिफ्टची देखभाल, पंपाचं वीजबिल, झाडूवाला यात भागत नाही, म्हणून घरटी 600 रुपये. निम्मे देत नाहीत. दोन लिफ्टपैकी एकीत आता सायकली ठेवतात. आणि भाडं? पहिले अकरा महिने वेळेवर, मग चेक परत यायला लागले. आम्ही दोन वर्षं सांगून सहा वर्षं बाहेर काढली. आता नियम बरा आहे. दोन वर्षांचं भाडं आधी जमा आणि पुढच्याचे चेक, ते झाल्याशिवाय खोली रिकामी करू नका. तोंडी शब्दावर तर नाहीच.

शेवटचं म्हणजे नकाशा बघा. मजला किती, यापेक्षा समोरची भिंत किती फुटांवर आहे ते बघा. मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड, गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड इथे दोन इमारतींत जेमतेम तीन मीटर. 2018 साली 'डॉक्टर्स फॉर यू' ही डॉक्टरांची संस्था आणि आयआयटी मुंबईच्या लोकांनी तिथे पाहणी केली, तर खालच्या, उजेड-वारा नसलेल्या घरांत क्षयाचे रुग्ण जास्त. माझ्या घरात दुपारी बारालाही दिवा लागतो.

चारकोपचा

टेकडीवरची, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी राहतो ते घर आहे.

1985 ला जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबईत एक प्रकल्प आला. म्हाडाने चारकोप, गोराई, मालवणी, मुलुंड, वर्सोवा अशा ठिकाणी जमीन आखून प्लॉट दिले. रस्ता, पाणी, गटार आधी, घर ज्याचं त्याने बांधायचं. मोठ्या रस्त्याकडचे भूखंड चढ्या भावाने विकून त्यातून छोट्यांचा भार उचलला. बाबांना 25 चौरस मीटर मिळालं. नातेवाईक म्हणाले, चिखलात पैसे टाकलेस. तेव्हा चिखलच होता, खोटं कशाला बोलू.

पहिलं वर्ष पत्रे. मग बाबांच्या पीएफमधून स्लॅब, बहिणीच्या लग्नाआधी वरची खोली, मी नोकरीला लागल्यावर जिना बाहेरून काढला आणि खाली शिंपीकामाचं दुकान भाड्याने दिलं. पस्तीस घरांची एक सोसायटी, मधे अंगण. त्या अंगणात पापड वाळतात, गणपती बसतो, भांडणंही तिथेच. बांधताना कुणी विचारलं नाही की तुमची आई दारात काय करते.

त्याच प्रकल्पात झोपडपट्टी सुधारणेचाही भाग होता. वस्तीच्या सोसायटीला जमीन भाडेपट्ट्याने, सोयी, आणि घरदुरुस्तीला कर्ज. पण 1994 ला प्रकल्प संपला, 1995 ला फुकट घराची घोषणा आली. त्यानंतर पैसे भरून आपलंच घर नीट करा म्हणणाऱ्याला मत कोण देणार? आणि मोकळी जमीनही उरली नाही, हे खरं. तुमच्या टेकडीवर कुणी प्लॉट आखून देणार नाही, खोटी आशा लावत नाही. तरी हे झालं होतं, एवढं माहीत असू द्या.

येरवडेकर_मावशी

अगं, पुण्यात ये एकदा. येरवड्यात जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर-सुधार योजनेतून 2009 च्या सुमारास जागच्या जागी घरं झाली. नेताजी नगर, शीला साळवे नगर, भाट नगर, चंद्रमा नगर असं बरंच. महानगरपालिकेचं काम, पण महिला मिलन या वस्तीतल्या बायकांच्या संघटनेच्या बायका घरोघरी टेप घेऊन फिरलेल्या. मीही फिरले, त्या टेपने माझ्या बोटाला कापलंय. कच्चं घर असेल तेच पाडायचं, पक्क्याला हात लावायचा नाही. 270 चौरस फूट, तीन लाख खर्च, आमचा वाटा दहा टक्के, बाकी केंद्र, राज्य आणि महापालिका. जागा छोटी असेल तर शेजारणीशी मिळून वर-खाली. इथे मात्र भांडणं झाली बाई, जिना कुणाच्या हद्दीत यावरून दोन जावा तीन महिने बोलत नव्हत्या.

गल्ली तीच राहिली. पण सगळ्यांची घरं नाही झाली, पैसे संपले आणि योजनाही संपली. आणि ज्यांना जास्तीचं बांधायचं होतं त्यांनी कर्ज काढलं. आता पंतप्रधान आवास योजनेत स्वतः बांधायला अडीच लाख मिळतात, दीड केंद्राचे, एक राज्याचा. पण जागा तुमच्या नावावर लागते. टेकडीवर कुणाच्या नावावर आहे?

सातवा_मजला

नावावरून आठवलं. परिशिष्ट-2 ची, म्हणजे कोण पात्र ते ठरवणारी यादी लागेल तेव्हा आईचा धंदा बघा. निवासी म्हणून नोंद झाली की संपलं. व्यावसायिक जागा म्हणून पात्र ठरली तर 225 फुटांपर्यंत गाळा तळमजल्यावर मिळू शकतो. गुमास्ता (दुकान-धंद्याचा परवाना), जुनी बिलं, काहीही शोधा.

टेकडीवरची

सगळ्यांचे आभार. सही केलेली नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही. रविवारी गल्लीतल्या अकरा बायका आमच्या ओट्यावर बसल्या. बिल्डरकडे नकाशा लेखी मागायचं ठरलंय, इमारतींमधलं अंतर आकड्यात लिहून. कमिटीवाल्याने तोंड वाकडं केलं, पण त्याचीही आई बसली होती.

गुमास्ता नाहीच आमच्याकडे. 2003 पासूनच्या किराणा दुकानाच्या वह्या मात्र निघाल्या, गव्हाच्या पिठाचे हिशेब आईच्या अक्षरात. चालतील का, कुणाला माहीत आहे?

सातवा_मजला

वह्यांचं नक्की सांगत नाही. फेकू मात्र नका. सर्वेक्षणाला माणूस येईल त्या दिवशी तवा चुलीवर ठेवा आणि फोटोत तो येईल असं बघा.