‘जेलसली गार्डेड सीक्रेट’ मराठीत कसं सांगाल?

मूळ प्रश्न : भाचीची इंग्रजी शब्दांची वही आहे. ‘जेलस’समोर मीच ‘मत्सरी’ लिहून दिलं होतं. काल धड्यात ‘जेलसली गार्डेड सीक्रेट’ आलं आणि तिने अर्थ लिहिला, ‘मत्सराने राखलेलं गुपित’. चूक तिची नाही, माझी आहे. आता काय लिहू? ‘एन्व्ही’समोरही मत्सरच आहे.

— एन्व्हीला हेवा घ्या. दुसऱ्याकडे आहे ते आपल्याकडे नाही, हा हेवा. जेलसीत आपलं कोणी नेईल ही धास्ती. सवतीमत्सर ही खरी जेलसी.

— इंग्रजी बोलणारे तरी ही वाटणी कुठे पाळतात? मैत्रिणीला नोकरी लागली की ‘आय ॲम सो जेलस’ म्हणतात. तो हेवाच.

— मुळाशी जा. जेलस आणि झेलस (म्हणजे आवेशाने झटणारा) ही सख्खी भावंडं, दोन्ही ग्रीक ‘झीलॉस’ची. त्यात आवेशही आहे आणि चढाओढही. आपल्या ईर्षेचंही तसंच झालंय. ‘ईर्षेने अभ्यास केला’ यात कोणाचं वाईट चिंतलेलं नाही. वडील मला ‘तुझ्यात ईर्षाच नाही’ म्हणून रागवायचे. हे एका हिंदीभाषक मित्राला सांगितलं तर तो चक्रावलाच : मुलाने मत्सर करावा असं कोणता बाप म्हणेल?

— शब्द ईर्ष्या आहे, ईर्षा नव्हे. अमरकोशात ‘अक्षान्तिरीर्ष्या’ म्हटलंय, म्हणजे दुसऱ्याचं न साहणं. जिद्द हा अर्थ चुकीच्या वापराने चिकटला. त्याच ओळीत असूया आहे : गुणांवरही दोष लादणं. अनसूया हे नाव त्यावरूनच. इतके नेमके शब्द असताना सगळ्यांवर मत्सराचा शिक्का मारतो आपण, याचं वाईट वाटतं.

— चुकीच्या कसा? लोक ‘ईर्षेला पेटले’ म्हणतात तेव्हा ते मराठी बोलत असतात. संस्कृतातलाच अर्थ धरायचा तर ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण म्हणा.

— ते उदाहरण इथे लागू नाही. शिक्षेचा जुना अर्थ मराठी बोलण्यातून गेला. ईर्ष्येचे दोन्ही अर्थ नांदतात, म्हणून तर शिकणाऱ्याची फसगत होते.

मूळ प्रश्नकर्ती : सगळं वाचलं. एन्व्हीसमोर हेवा लिहिला. गुपिताला ‘जिवापाड जपलेलं’ म्हणू? त्यात जपणं येतं, पण दुसऱ्याला हात लावू न देणं येत नाही.

— ‘कोणाला वाराही लागू न दिलेलं’.

— त्यात लपवणं आलं, जीव लावणं राहिलं. ‘ईर्षेने जपलेलं’च म्हणा.

— ‘ईर्ष्येने’!

— थांबा, हेवा तरी पक्का आहे का? ‘हेवा वाटावा असा संसार’ यात कौतुक आहे आणि ‘हेवेदावे’ म्हटलं की उघड वैर. वहीत यातला कुठला लिहिलात?