'जड पाणी' म्हणजे नेमके कोणते पाणी?

मूळ प्रश्न

आमच्या सोसायटीच्या फलकासाठी मी मागच्या आठवड्यात एक सूचना लिहिली. 'बोअरचे पाणी सुरू केल्यामुळे सध्या पाणी जड येत आहे, तरी गीझर व वॉशिंग मशीन जपून वापरावे,' असे तिच्यातले एक वाक्य होते. ते वाचून तिसऱ्या मजल्यावरची दहावीतली मुलगी खाली आली आणि म्हणाली, "काका, जड पाणी अणुभट्टीत असते ना? आपल्या टाकीत कसे आले?" तिचे बरोबर होते, पण माझेही चूक नसावे, कारण आमच्या घरी आजीच्या काळापासून डाळ न शिजवणाऱ्या, पोटात गच्च बसणाऱ्या पाण्याला जडच म्हणत आले आहेत. लिहिताना कोणता शब्द वापरावा? शिवाय तिच्या पुस्तकात पाण्याला 'ऑक्सिजनचे हायड्राइड' म्हटले आहे. त्याला मराठी शब्द आहे का?

प्रतिसाद १

आपण दोघेही बरोबर आहात. घरातला 'जड' हा पचायला जड या अर्थाचा आहे आणि त्याच्या विरुद्ध 'हलके' असते: नदीचे पाणी हलके, विहिरीचे जड. रसायनातला 'जड' मात्र अक्षरशः तराजूतला आहे. हॅरॉल्ड युरी यांनी १९३१ मध्ये हायड्रोजनचे दुप्पट वस्तुमानाचे भावंड, म्हणजे ड्यूटेरियम, शोधले आणि त्यासाठी त्यांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पाण्याच्या रेणूतले दोन्ही हायड्रोजन अणू ड्यूटेरियमचे असले, की रेणूभार १८ ऐवजी २० होतो आणि तेच जड पाणी. एक लिटरच्या बाटलीत ते भरले, तर साध्या पाण्यापेक्षा सुमारे शंभर ग्रॅम जास्त भरेल. ते उकळते १०१.४ अंशांना, गोठते ३.८ अंशांना, आणि त्याचा बर्फ साध्या पाण्याच्या पेल्यात टाकला तर तरंगत नाही, तळाशी जातो.

निसर्गातल्या पाण्यात साधारण ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक अणू ड्यूटेरियमचा असतो. आपल्या बोअरच्या पाण्यात तो असतो तसाच पावसाच्या आणि धरणाच्या पाण्यातही असतो, त्यामुळे बोअरच्या जडपणाशी त्याचा काडीचा संबंध नाही. गंमत म्हणजे शुद्ध जड पाण्यात साबणाला उत्तम फेस येईल, कारण फेस मारणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यात नसतातच.

हिंदीत याला 'भारी पानी' म्हणतात. तो शब्द आपण उचलला नाही हे बरे झाले, नाहीतर 'भारी पाणी' ऐकून कोणीही 'कुठे मिळते?' असे विचारले असते.

प्रतिसाद २

शालेय पुस्तकांतला शब्द 'दुष्फेन' आहे आणि त्याच्या उलट 'सुफेन'. ज्यात फेस नीट येत नाही ते दुष्फेन. पुष्कळांना हा शब्द संस्कृताचा बोजा वाटतो, पण माझ्या मते तो घडवणाऱ्याने नीट विचार केला होता. इंग्रजीतल्या 'हार्ड वॉटर' या शब्दाचा तर्जुमा 'कठीण पाणी' असा करणारे लोक आहेत, आणि ते वाचले की मला पाण्याची परीक्षा अवघड गेल्यासारखे वाटते. 'दुष्फेन' हा शब्द तर्जुमा न करता प्रयोगच सांगतो. ॲबर्डीनचे प्राध्यापक टॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये चुन्याची निवळी घालून पाणी सुफेन करण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. पाण्याचा हा गुण मोजण्याची त्यांची पद्धतही साबणाचीच होती, म्हणजे टिकाऊ फेस येईपर्यंत साबणाचे द्रावण किती लागते ते पाहायचे.

हा प्रयोग घरी करून पाहावा. दोन बाटल्यांत बोअरचे आणि नळाचे पाणी घ्यावे, दोन्हींत धुण्याच्या साध्या वडीचा सारखाच कीस टाकून हलवावे. एकीत फेस वर चढतो. दुसरीत नासक्या दुधासारख्या पांढऱ्या कण्या होतात आणि बाटलीच्या आतून चिकट थर बसतो. त्या कण्या म्हणजे साबणातल्या मेदाम्लाचे कॅल्शियमशी झालेले, न विरघळणारे संयुग. बादलीच्या कडेला बसणारा करडा कडा तोच.

मात्र याच कारणाने हा शब्द आज थोडा लंगडा झाला आहे. डिटर्जंट पावडरला दुष्फेन पाण्यातही फेस येतो, म्हणून ज्या घरात धुण्याचा साबण उरलाच नाही तिथे 'फेस येत नाही' हे लक्षण कोणाला दिसणार? दिसते ते गीझरच्या कॉइलवरचे पांढरे पूट. पाणी तापले की त्यातले विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट मोडते आणि कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडते. पुटावर लिंबू पिळले, तर ते फसफसते. उकळून जाणारा हा अस्थायी दुष्फेनपणा. सल्फेट आणि क्लोराइड यांमुळे आलेला स्थायी दुष्फेनपणा उकळून जात नाही. डाळीचेही कारण तेच कॅल्शियम: ते डाळीतल्या पेक्टिनला, म्हणजे पेशींना सांधणाऱ्या द्रव्याला, घट्ट धरून ठेवते, म्हणून शिट्ट्या कितीही झाल्या तरी दाणा मऊ होत नाही आणि आजी चिमूटभर सोडा टाकते.

प्रतिसाद ३

आमच्याकडे अशा पाण्याला 'मचूळ' म्हणतात. तो शब्द चालणार नाही का?

प्रतिसाद २ लिहिणारा

मचूळ ही चव आहे. ती मुख्यतः मिठामुळे येते, आणि मचूळ पाणी दुष्फेन असतेच असे नाही, तसेच चवीला गोड लागणारे विहिरीचे पाणी चांगलेच दुष्फेन असू शकते. हीच अडचण 'क्षारयुक्त' या शब्दाचीही आहे, आणि तिथे ती खिशाला लागते. सॉफ्टनर यंत्रातले रेझिन कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेते, पण त्यांच्या जागी सोडियम सोडते. पाणी सुफेन होते, क्षार मात्र जवळपास तेवढेच राहतात. क्षार मोजायचे खिशातले मीटर मग पहिल्याइतकाच आकडा दाखवते आणि घरधनी विक्रेत्याशी भांडायला निघतो. भारतीय मानकात एकूण दुष्फेनपणाचा आकडा वेगळा दिलेला आहे: कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. अहवालात तो रकाना वाचावा.

जाता जाता, हिंदी रसायनशास्त्रात 'क्षार' म्हणजे अल्कली आणि मिठाच्या जातीच्या संयुगांना 'लवण'. मराठी शालेय पुस्तकांत 'क्षार' म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्यापासून बनणारे संयुग. हिंदीवरून केलेल्या यंत्राच्या माहितीपत्रकात म्हणूनच अर्थाचा अनर्थ होतो.

प्रतिसाद ४

हायड्राइडबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. मी 'हायड्राइड' असेच ठेवीन. हायड्रेट, हायड्रॉक्साइड आणि हायड्राइड हे तिन्ही शब्द पाण्याच्या ग्रीक नावापर्यंत मागे जातात, पण त्यांपैकी खरोखर पाणी धरून असते ते हायड्रेट, उदाहरणार्थ मोरचूद. हायड्राइड म्हणजे हायड्रोजनचे दुसऱ्या मूलद्रव्याशी झालेले संयुग, आणि कॅल्शियम हायड्राइडसारखे एखादे तर पाणी दिसताच त्याच्यावर तुटून पडते, हायड्रोजन वायू सोडते आणि मागे चुन्याची निवळी ज्याची करतात ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवते. 'जल' किंवा 'उद' घालून मराठी शब्द पाडला, तर वाचणाऱ्याला नेमके उलटे चित्र दिसेल.

पाण्याला ऑक्सिजनचे हायड्राइड म्हणण्यात मात्र अर्थ आहे. गंधक ऑक्सिजनच्याच गटातले, पण त्याचे हायड्राइड, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, उणे ६० अंशांनाच उकळते, आणि पाणी १०० ला. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात म्हणून हा फरक. आणि जड पाणी मिळते तेही अशा हायड्राइडांच्या देवघेवीतून. राजस्थानात कोटा आणि तेलंगणात मणुगुरू येथे पाणी आणि हायड्रोजन सल्फाइड यांच्यात ड्यूटेरियमची अदलाबदल घडवतात. आपल्या रायगड जिल्ह्यात थळला खतकारखान्याशेजारी १९८७ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात ती अमोनिया आणि हायड्रोजन यांच्यात होते. तयार झालेले पाणी अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग कमी करते. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीला ते लागते; पहिल्या दोन साध्या पाण्यावर चालण्यासाठी बांधलेल्या, आणि अणुभट्टीवाले त्या साध्या पाण्याला 'हलके पाणी' म्हणतात. म्हणजे तुमच्या बोअरचे जड पाणी तिथे हलके ठरेल, अर्थात आधी त्यातले सगळे क्षार काढून.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. सूचना 'सध्या पाणी दुष्फेन येत आहे' अशी दुरुस्त करून मी अध्यक्षांकडे नेली. त्यांनी पेन काढून दुष्फेन खोडले आणि वर लिहिले, 'सध्या बोअरचे पाणी येत आहे.' पुढचे कोणालाच सांगावे लागले नाही. दहावीतल्या मुलीसाठी मात्र तिच्या वहीत 'जड', 'दुष्फेन' आणि 'मचूळ' हे तीन शब्द तीन ओळींवर लिहून दिले आहेत, आणि बाटल्यांचा प्रयोग या रविवारी गच्चीवर आहे.