परदेशात रक्तदाब नियंत्रणाचा कार्यक्रम उभा करायचा आहे: पहिल्या वर्षात नेमकं काय धरायचं?

निशिगंध

नमस्कार मंडळी. पूर्व आफ्रिकेतल्या एका देशात, तिथल्या आरोग्य मंत्रालयाबरोबर चार जिल्ह्यांत उच्च रक्तदाबाचा कार्यक्रम सुरू व्हायचा आहे. ढाचा जागतिक आरोग्य संघटनेच्या हार्ट्स पॅकेजचा (साध्या आरोग्य केंद्रांतून हृदयविकार-पक्षाघात टाळण्याची ठरलेली पद्धत), निधी तीन वर्षांचा, केंद्रं साधारण 40. डॉक्टर फक्त जिल्हा रुग्णालयात, बाकी सगळीकडे नर्स आणि हेल्थ ऑफिसर. नियोजन माझ्याकडे आहे. चार गोष्टींवर अनुभवी लोकांचं मत हवंय.

प्रस्तावात शिबिरं, जनजागृती, प्रशिक्षण, ॲप सगळंच लिहिलंय. पहिल्या सहा महिन्यांत खरं कशाला हात घालायचा?

औषधखरेदी सरकारी आणि वर्षातून एकदाच. मागणी कशी काढायची? सध्या मागच्या वर्षीच्या वापरात 10 टक्के वाढवून पाठवतात.

एका केंद्रात डिसेंबरअखेर 1,200 रुग्णांची नोंद होती. जानेवारी ते मार्चमध्ये त्यातले 700 आले आणि 490 जणांचा रक्तदाब 140/90 च्या खाली होता. केंद्र म्हणतं नियंत्रण 70 टक्के. मला ते 41 टक्के दिसतं. कुठला आकडा धरायचा?

आणि शेवटचं: निधी देणाऱ्यांचं म्हणणं असं की गोळ्या म्हणजे उपचार, प्रतिबंध नव्हे, तेव्हा मीठ-तंबाखूवर भर द्या. हे कितपत बरोबर?

---

उंबरझरा

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. शिबिरं सध्या बाजूला ठेवा. शिबिरात एका दिवसात दोनशे जणांचा बीपी वाढलेला सापडतो, चिठ्ठी देऊन केंद्रात पाठवतात, आणि तिथे गोळी नसते. तो माणूस पुन्हा येत नाही, आणि शेजाऱ्यालाही सांगतो की जाऊन उपयोग नाही. गोळी, मशीन आणि बीपी घेणारा माणूस या तीन गोष्टी केंद्रात जागेवर आल्याशिवाय रुग्ण शोधायला निघूच नका. ओपीडीत कुठल्याही कारणाने आलेल्या 30 वर्षांवरच्या प्रत्येकाचा बीपी, नर्सपुढे जाण्याआधी, दाराजवळच्या एका टेबलावर घ्यायचा. पहिलं वर्ष एवढ्यावर भरपूर रुग्ण मिळतात.

सगळ्यात आधी प्रोटोकॉल, तोही एका पानाचा. त्यात औषधांचा वर्ग नाही, औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहिलेले हवेत. 'कॅल्शियम चॅनल ब्लॉकर द्यावे' असं वाक्य असलेला कागद नर्सच्या काही कामाचा नाही. तिला असं हवं: 140/90 किंवा वर, दुसऱ्या भेटीतही तसाच, तर ॲम्लोडिपीन 5 मिलिग्रॅम रोज एक. 30 दिवसांनी पुन्हा मोजा. अजून वर असेल तर पुढची पायरी, आणि ती पायरी नावानिशी. 160/100 च्या वर असेल तर दुसऱ्या भेटीची वाट पाहायची की त्याच दिवशी सुरू करायचं, हेही कागदावरच ठरलेलं असू दे. आपल्याकडे आयएचसीआय (भारतातला उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम) नोव्हेंबर 2017 मध्ये पाच राज्यांतल्या 25 जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा त्यात होते. तिथेही पहिलं मोठं काम हेच होतं: राज्यातल्या तज्ज्ञांना एका टेबलाभोवती बसवून एकाच यादीवर सही घेणं.

पण भारतातला कागद जसाच्या तसा तिकडे नेऊ नका. आपल्याकडे ॲम्लोडिपीननंतर बहुधा टेल्मिसार्टन येतं. सहाराच्या दक्षिणेकडच्या सहा आफ्रिकी देशांत, बीपीच्या औषधांची कुठली जोडी जास्त चालते हे पाहणारी क्रिओल चाचणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. ॲम्लोडिपीनबरोबर हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा ॲम्लोडिपीनबरोबर पेरिंडोप्रिल या दोन्ही जोड्या पेरिंडोप्रिल-हायड्रोक्लोरोथायझाइडपेक्षा सरस ठरल्या. म्हणजे पाया ॲम्लोडिपीनचाच, आणि दुसरं औषध थायझाइड (हायड्रोक्लोरोथायझाइडसारखी लघवी वाढवणारी गोळी) घेतलं तरी चालतं. ते स्वस्तही पडेल. ॲम्लोडिपीन पहिलं ठेवण्याची आणखी दोन कारणं आहेत: सुरू करायला रक्ततपासणी लागत नाही, आणि ते शरीरात बराच वेळ टिकतं, त्यामुळे एखाद्या दिवशी गोळी चुकली तरी बीपी लगेच उसळत नाही.

त्याचा एक त्रास मात्र प्रशिक्षणात आवर्जून सांगा. घोट्याला सूज येते, 10 मिलिग्रॅमवर जास्त. रुग्णाला वाटतं किडनी गेली, आणि तो न सांगता गोळी सोडतो. काही ठिकाणी त्या सुजेसाठी लघवीची गोळी देतात. त्याने ती सूज फारशी उतरत नाही, कारण अंगात पाणी साठलेलं नसतं, बारीक धमन्या रुंदावल्यामुळे द्रव बाहेर झिरपत असतो. मात्रा 5 वर आणून दुसरं औषध जोडायचं.

आणि हे सगळे कागद मंत्रालयाच्या लेटरहेडवर, तिथल्या एनसीडी (असंसर्गजन्य आजार) विभागप्रमुखांच्या सहीने निघू द्या. आढावा बैठकही त्यांनीच बोलवायची. तुमच्या संस्थेचं बोधचिन्ह असलेलं परिपत्रक चौथ्या वर्षी कोणी उघडत नाही.

---

कोठारघर

औषधांचं मी सांगते. मागच्या वर्षीच्या वापरात 10 टक्के वाढवणं ही पद्धत नव्या कार्यक्रमाला बुडवते. दोन कारणं. ज्या महिन्यांत साठा संपलेला होता त्या महिन्यांचा वापर शून्य दिसतो, म्हणजे टंचाईच पुढच्या वर्षीची मागणी ठरवते. आणि रुग्णसंख्या वाढत असते.

हिशेब करून बघा. वर्ष जुलैपासून धरा. जुलैत 1,000 रुग्ण गोळी घेतायत, दर महिन्याला 100 नवे येतात. प्रत्येकाला रोज एक ॲम्लोडिपीन, महिन्याला 30. जुलैचा आकडा धरून वर्षाची मागणी केली तर 1,000 × 30 × 12 म्हणजे 3,60,000 गोळ्या. प्रत्यक्षात जूनमध्ये 2,100 रुग्ण झालेले असतात. बारा महिन्यांची बेरीज 18,600 रुग्ण-महिने, म्हणजे 5,58,000 गोळ्या. 3,60,000 चा साठा मार्चच्या 20 तारखेच्या आसपास संपतो. त्यानंतर सव्वातीन महिने कार्यक्रम फक्त बीपी मोजतो. यात तीन महिन्यांचा बफर, म्हणजे राखीव साठा, धरलेलाच नाही. शेवटच्या महिन्याच्या दराने तो 2,100 × 30 × 3 म्हणजे 1,89,000. एकूण मागणी 7,47,000. पहिल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त. खरेदी समितीपुढे हा तक्ता महिनावार मांडा, नुसती बेरीज दिली तर ती कापली जाते.

दुसऱ्या-तिसऱ्या औषधाचंही असंच, फक्त प्रत्येक पायरीवर शंभरातले किती असतील याचा अंदाज धरायचा. सुरुवातीला दुसरं औषध 40 जणांना, तिसरं 5 जणांना असं धरून चाला आणि सहा महिन्यांनी कार्डांवरून दुरुस्त करा. जिथे शक्य असेल तिथे दोन औषधांची एकच गोळी मागा. 2019 पासून अशा गोळ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

वाटपात सगळ्यात नडतं ते हे: जिल्हा भांडारात खोकी पडून असतात आणि टोकाच्या केंद्रात एक पट्टी नसते. म्हणून महिन्याला केंद्रनिहाय एकच आकडा मागवायचा: हातातला साठा सध्याच्या रुग्णांना किती दिवस पुरेल. 30 दिवसांच्या खाली आला की फोन. आणि रुग्णाला सात-दहा दिवसांच्या गोळ्या देणं पहिल्या दिवसापासून बंद. पूर्ण 30 द्यायच्या, नियंत्रणात असलेल्याला 60 ते 90. ज्याला केंद्रात यायला अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवावी लागते तो दर आठवड्याला येणार नाही.

---

छेदस्थानी

41 टक्के बरोबर. केंद्र जो 70 म्हणतंय तो 'आलेल्यांपैकी' आहे. न आलेल्याचा बीपी आपल्याला माहीत नाही. माहीत नाही म्हणजे नियंत्रणात नाही, असंच धरायचं. छेदात तीन महिन्यांपूर्वी नोंद झालेले आणि गेल्या बारा महिन्यांत एकदा तरी आलेले सगळे. मृत्यू झालेले वगळा. अंशात शेवटच्या तीन महिन्यांत येऊन शेवटच्या भेटीत 140/90 च्या खाली असलेले. बारा महिने फिरकलेच नाहीत त्यांना 'लॉस्ट टू फॉलोअप' म्हणून वेगळं दाखवा. ते छेदातून गेले म्हणून अहवालातूनही गेले असं होऊ देऊ नका, नाहीतर दरवर्षी आकडा आपोआप सुधारत जाईल.

पण टक्केवारीपेक्षा तुमच्या त्या केंद्राची फोड बघा. 490 नियंत्रणात, 210 आले पण बीपी वर, 500 आलेच नाहीत. म्हणजे काम दोन वेगळ्या ठिकाणी आहे, आणि मोठं काम 500 चं आहे. त्यावर प्रशिक्षणाची कार्यशाळा घेऊन काही होत नाही. दर सोमवारी न आलेल्यांची यादी काढायची आणि फोन करायचे. फोनही निम्म्या वेळा लागत नाही, कारण नंबर चुकीचा लिहिलेला असतो. नोंदणी करतानाच समोर बसलेल्या माणसाला मिस्ड कॉल द्यायचा. वाजला तर नंबर खरा. सोबत शेजाऱ्याचा किंवा मुलाचा एक नंबर. दोनदा फोन करून आले नाहीत तर गावातल्या आरोग्यसेविकेकडे नाव.

त्या 210 साठी वेगळी तपासणी. बीपी वाढलेली कुठलीही 20 कार्डं काढा आणि त्या दिवशी औषध वाढवलं का ते मोजा. चार-पाचच निघाली तर नर्सला अधिकारच दिलेला नाही किंवा डॉक्टर 'पुढच्या वेळी बघू' म्हणतायत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टर नसलेला प्रशिक्षित कर्मचारी ठरलेल्या प्रोटोकॉलप्रमाणे औषध देऊ शकतो. देशाच्या नियमात ते बसवून घेणं हे मंत्रालयाकडचं तुमचं पहिल्या तिमाहीचं काम.

आकडे खरे आहेत का, हे ओळखायची साधी खूण: शेवटचा अंक. डिजिटल मशीनवर 0 ते 9 प्रत्येक अंक साधारण 10 टक्के वेळा यायला हवा. निम्मे आकडे शून्यावर संपत असतील तर कोणीतरी मशीन न लावताच लिहितंय. 138/88 ची रांग दिसली तर केंद्रावर टक्केवारीचं दडपण आहे असं समजा, आणि कर्मचाऱ्याला बोल लावण्याआधी ते दडपण कोण आणतंय ते बघा.

ॲपबद्दल: पूर्व आफ्रिकेत बहुतेक मंत्रालयं डीएचआयएस2 ही आरोग्याची आकडेवारी गोळा करणारी संगणक प्रणाली वापरतात. त्याला समांतर नवी यंत्रणा उभी करू नका, त्यातच जोडा. भारत, बांग्लादेश, इथिओपियात वापरलेलं सिंपल ॲप खुल्या स्रोताचं आहे, ते निदान बघून ठेवा. प्रत्येक भेटीत बीपी, औषध, पुढची तारीख, एवढंच भरायचं. नोंदीला मिनिटाच्या वर लागायला लागलं की संध्याकाळी वहीतून एकदम भरतात, आणि मग तारखा खोट्या होतात.

---

खाजण

मीठ-तंबाखू की गोळ्या, हा वाद घालू नका. बीपी ताब्यात ठेवणं हाच पक्षाघाताचा आणि हृदयविकाराचा प्रतिबंध. हार्ट्समधलं पहिलं अक्षरही जीवनशैलीच्या सल्ल्याचं आहे. निधी देणाऱ्यांना हे सरळ सांगा.

तरी त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, फक्त ते काम जिल्ह्यात होत नाही, राजधानीत होतं. ट्रान्सफॅटचं (घट्ट केलेल्या तेलातली हृदयाला घातक चरबी) बघा: डेन्मार्कने 2003 मध्ये मर्यादा घातली, आपल्या एफएसएसएआयने (अन्नसुरक्षा प्राधिकरण) जानेवारी 2022 पासून तेला-तुपात 2 टक्के केली. एक नियम आणि तो तपासणारी प्रयोगशाळा, एवढ्यात काम होतं. तंबाखूवरचा करही तसाच. 40 केंद्रांतल्या नर्सनी भित्तिपत्रकं लावून हे होत नाही.

मिठाचं आधी विचारा: मीठ येतं कुठून? ब्रिटनमध्ये ते पाव, सॉस, तयार खाण्यातून येतं, म्हणून कंपन्यांना टप्प्याटप्प्याने कमी करायला लावलं आणि 2001 ते 2011 मध्ये रोजचं सरासरी मीठ 9.5 ग्रॅमवरून 8.1 वर आलं. जिथे ते चुलीपाशी चमच्याने पडतं तिथे हा उपाय लागू पडत नाही. तिथे मीठच बदलावं लागतं. चीनच्या 600 गावांत सुमारे 21,000 लोकांवर चाचणी झाली. तीन भाग सोडियम क्लोराइड आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइडचं मीठ दिलं, पक्षाघात 14 टक्क्यांनी कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2025 मध्ये घरगुती वापरासाठी अशा मिठाची सूचना केली, पण किडनीचा आजार असलेल्यांना, गरोदर स्त्रियांना आणि मुलांना ती लागू नाही. तुमच्या जिल्ह्यांत क्रिएटिनीन (किडनीचं काम कळण्यासाठीची रक्ततपासणी) तपासायची सोय नसेल तर हे पहिल्या वर्षात आणू नका. तोवर सल्ला देताना 'मीठ कमी खा' म्हणू नका, घरात महिन्याला किती मीठ येतं ते विचारा. रोज माणशी 5 ग्रॅम म्हणजे पाच जणांच्या घरात महिन्याला 750 ग्रॅम. एक किलोची पिशवी तीन आठवड्यांत संपत असेल तर पाणी कुठे मुरतंय ते बाईंना लगेच कळतं.

---

निशिगंध

मनापासून आभार. महिनावार तक्ता आजच करायला घेते. अजून दोन प्रश्न: मशीनबरोबर एकाच मापाचा पट्टा मिळतोय, चालेल का? आणि कोठारघर ताईंनी ज्याबद्दल लिहिलं त्या एकत्र गोळीत टेल्मिसार्टन असेल तर तरुण बायकांचं काय?

---

उंबरझरा

एकाच मापावर भागवू नका. पट्ट्याच्या आतली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या निदान 80 टक्के वेढणारी हवी. जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी खोटा वाढतो आणि नसलेल्या आजाराची गोळी आयुष्यभर चालू होते. प्रत्येक केंद्राला मध्यम आणि मोठा असे दोन पट्टे, आणि टेबलावर शिवणकामाची टेप. मनगटावरची मशीनं घेऊ नका, मान्यता मिळालेली दंडावरचीच घ्या. खरेदीत सेलचा खर्चही धरा, सेल संपले म्हणून मशीन कपाटात गेलं असं फार होतं. पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, बाही वर, मोजताना कोणी बोलायचं नाही. दोनदा, मध्ये एक मिनिट. खुर्ची नसलेल्या केंद्रात आधी खुर्ची द्या.

टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, पेरिंडोप्रिल, यांतलं काहीही गरोदरपणात चालत नाही, बाळाच्या किडनीला इजा होते. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला ॲम्लोडिपीनवरच ठेवा. ॲम्लोडिपीन पुरत नसेल तर जिल्हा रुग्णालयात पाठवा. प्रोटोकॉलच्या पानावर हे तळटीपेत घालू नका. पहिल्याच चौकटीत, 'गरोदर आहात का, राहण्याचा विचार आहे का' हा प्रश्न स्थानिक भाषेत छापा, आणि प्रत्येक रिफिलला पुन्हा विचारायचा.