'स्टुपिड क्वेश्चन विचारू का?' हे वाक्य वापरता का? अनुभव लिहा

काल कॉलवर मी शेवटी विचारलंच, 'सॉरी, स्टुपिड क्वेश्चन आहे, पण ईओडी म्हणजे कोणाचा ईओडी?' (ईओडी म्हणजे एंड ऑफ डे, दिवसअखेर.) सगळे गप्प. न्यूयॉर्कवाले त्यांचे संध्याकाळचे पाच धरून बसलेले, आम्ही पुण्याचे, आणि मधे उन्हाळ्यात साडेनऊ तास! आठवडाभर 'फाइल अजून नाही आली' चाललं होतं ते ह्याच्यावरून. तुमचं काय? कुठे कामी आलं, कुठे अंगाशी आलं?

*

सासूबाईंच्या चिठ्ठीवर पेनकिलरपुढे एसओएस लिहिलेलं. घरात सगळ्यांनी धरलं, इमर्जन्सी. म्हणजे गुडघा ठणकतोय, रात्रभर कण्हतायत, पण गोळी डब्यात जपून ठेवलेली, सासरे म्हणे अगदीच जिवावर बेतलं तर द्यायची. मी केमिस्टला म्हटलं भाऊ, बावळट प्रश्न आहे पण... तो हसला नाही हे विशेष. म्हणाला ते लॅटिन आहे ताई, 'लागली तर घ्या' एवढंच. आणि बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा. (मला टीडीएस फक्त पगारातून कापतात तोच माहीत)

*

माझं होमलोन. रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) उतरला उतरला म्हणून बातम्या, आणि माझं व्याज काही त्या मानाने उतरेना. लाजत लाजत बँकेत विचारलं तर बाई म्हणाल्या तुमचं लोन २०१७ चं, ते एमसीएलआरवर, म्हणजे बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते त्या दरावर, १ ऑक्टोबर २०१९ पासूनची नवीन फ्लोटिंग लोनं रेपोसारख्या बाहेरच्या बेंचमार्कला जोडलेली असतात, तुम्ही अर्ज दिल्याशिवाय तुमचं तिकडे जात नाही. अर्ज एका पानाचा होता हो. इतकी वर्षं नुसता हप्ता भरत बसलो.

*

मी सोडलं हे वाक्य. एका सीनियरने सगळ्यांसमोर 'येस, इट इज' म्हणून पुढची स्लाइड लावली. आता सरळ म्हणते, हे कळलं नाही, परत सांगा. आपणच आपल्याला आधी स्टुपिड का म्हणायचं?

*

वरच्या ताईंशी सहमत, पण गावाकडे हेच चालतं, फक्त इंग्लिशमध्ये नाही. आमचे आजोबा तलाठ्यापुढे सातबारा धरून म्हणायचे, 'आम्हा अडाण्याला जरा फोड करून सांगा की साहेब, सोसायटीचं कर्ज फिटलं, मग इतर हक्कात बोजा अजून कसा?' सगळं माहीत असायचं त्यांना. निल दाखला, म्हणजे काही बाकी नाही असा सोसायटीचा कागद, खिशातच असायचा.