अनुभव धागा : तुमची पिढी नेमकी कुठे सुरू होते?

कामाच्या ठिकाणी एक प्रशिक्षण होतं. पहिल्याच तासाला आम्हाला सांगितलं, आपापल्या पिढीच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहा. चार कोपऱ्यांत चार पाट्या, पाट्यांवर जन्मवर्षं. माझा जन्म डिसेंबर १९८०चा, म्हणून मी 'जनरेशन एक्स'च्या पाटीखाली गेलो. माझा शाळेपासूनचा मित्र त्याच कार्यालयात आहे. पहिली ते दहावी आम्ही एका बाकावर बसलो. त्याचा जन्म जानेवारी १९८१चा, म्हणून तो समोरच्या कोपऱ्यात, 'मिलेनियल'. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मला 'त्या पिढीशी' कसं बोलावं ते शिकवलं जात होतं आणि तो समोरून माझ्याकडे बघत होता.

घरी येऊन शोधलं. 'मिलेनियल'ची ही १९८१ ते १९९६ची चौकट अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेची. १९९७पासूनचे सगळे 'जेन झी', असं त्यांनी २०१९मध्ये लिहिलं. पण 'मिलेनियल' हा शब्द रुळवणाऱ्या विल्यम स्ट्रॉस आणि नील हाव यांनी १९९१च्या पुस्तकात सुरुवात १९८२पासून धरली होती. म्हणजे त्यांच्या हिशोबाने आम्ही दोघं पुन्हा एकाच बाकावर. एक वर्ष इकडचं तिकडे केलं की माणूस पिढी बदलतो, तर ती रेघ कशाची?

मला स्वतःला असं वाटतं, की जे आपल्याला कधी कुणी समजावलं नव्हतं ते समोरच्याला समजावून सांगावं लागलं, की तिथे पिढी बदलली. फोन उचलल्यावर आम्ही आधी 'कोण बोलतंय?' का विचारायचो, हे मला मुलीला समजावावं लागलं. मित्राला काहीच समजावावं लागत नाही.

तुमचे अनुभव लिहा. मतांपेक्षा घडलेलं सांगा. नाव नको, वर जन्मवर्ष तेवढं टाका.

१९५२

आमच्या लहानपणी पिढी म्हणजे नातं. वर्षाचा संबंधच नव्हता. माझा धाकटा मामा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. खेळताना मी त्याला ढकललं की आजी ओरडायची, "अरे, मामा आहे तो तुझा!" वयाने लहान, नात्याने मोठा. तो आजही कुटुंबाच्या बैठकीत वरच्या फळीतला म्हणून बोलतो आणि मी ऐकतो. त्यात मला कधी अवघडल्यासारखं झालं नाही.

मध्यंतरी वंशावळ लिहायला बसलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आईच्या बाजूने आई १९३२ची, आजी १९१४ची, पणजी १८९७ची. वडिलांच्या बाजूने वडील १९१४चे आणि आजोबा १८७४चे. माझे वडील आणि माझी आजी एकाच सालातले! जावई आणि सासू समवयस्क. आईच्या बाजूने ५५ वर्षांत तीन पायऱ्या, वडिलांच्या बाजूने ७८ वर्षांत दोनच.

नातवाने मग मला एका जनुकीय अभ्यासाबद्दल सांगितलं. २०२३मध्ये तो प्रसिद्ध झाला. गेल्या अडीच लाख वर्षांत मूल होताना आईवडिलांचं सरासरी वय किती होतं, हे त्यात काढलंय. दोघांचं मिळून २६.९ वर्षं, वडिलांचं ३०.७ आणि आयांचं २३.२. म्हणजे बापांच्या पिढ्या लांब आणि आयांच्या आखूड, हे आमच्या घरापुरतं नव्हतं. मग सगळ्यांनी मिळून पंधरा किंवा अठरा वर्षांची एकच पट्टी कशी लावायची? घरात सतत कुणीतरी जन्मत असतं. एका वर्षी सगळी मुलं संपली आणि पुढच्या वर्षी नवी लागली, असं होत नाही.

१९९७

मी जेन झीच्या पहिल्या वर्षातली आणि दादा मिलेनियलच्या शेवटच्या, १९९६चा. प्यूने ही रेघ ओढताना दिलेलं एक कारण आठवणीचं होतं. ११ सप्टेंबर २००१ला अमेरिकेत हल्ले झाले तेव्हा मिलेनियलमधले बहुतेक जण ५ ते २० वर्षांचे होते, म्हणजे त्यांना ते आठवतं. पुढच्यांना आठवत नाही.

मी दादाला विचारलं, तुला आठवतंय का? त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, नाही. त्याला त्या सुमाराचा फक्त शाळेचा नवा डबा आठवतो. आणि मलाही तोच डबा आठवतो, कारण तो मला हवा होता.

१९७२

माझा अनुभव थोडा लांब आहे, कारण आमच्या घरात ही रेघ भावंडांच्या मधून गेली.

मी अकरा वर्षांची असताना आईवडील आम्हाला घेऊन परदेशात स्थायिक झाले. धाकटी बहीण तीन वर्षांची होती. भाऊ तिकडे गेल्यावर झाला. स्थलांतराचा अभ्यास करणारे लोक पिढी वेगळ्या तऱ्हेने मोजतात, जन्मवर्षाने नाही. जे स्वतः मोठेपणी गेले ते पहिली पिढी, जे तिथे जन्मले ते दुसरी. अमेरिकेत गेलेल्या जपानी लोकांनी तर यासाठी आपल्याच अंकांवरून शब्द केले : इस्सेई, निसेई, सान्सेई. पहिले, दुसरे, तिसरे. आणि जी मुलं लहानपणी नेली गेली त्यांच्यासाठी रुबेन रुम्बाउत या समाजशास्त्रज्ञांनी 'दीड पिढी' हा शब्द वापरला. त्यातही त्यांनी पाव-पाव हिस्से पाडले. सहा ते बारा वर्षांची असताना गेलेली ती दीड, त्याहून लहान ती पावणेदोन, तेरा ते सतरा वर्षांची ती सव्वा.

हे वाचलं त्या दिवशी मी खूप वेळ गप्प बसले होते. आईवडील एक, मी दीड, बहीण पावणेदोन, भाऊ दोन. एका घरात, एका जेवणाच्या टेबलाभोवती.

आणि ते खरंच तसंच होतं. मी मराठी वाचते, लिहिते, मराठीत रागावते. बहीण छान बोलते, पण वाचताना बोट ठेवून वाचते. भावाला सगळं समजतं, उत्तर मात्र तो दुसऱ्या भाषेत देतो. बाबा आजारी होते तेव्हा शेवटच्या आठवड्यात ते फक्त मराठीत बोलत होते. डॉक्टरांचं बोलणं बाबांना आणि बाबांचं डॉक्टरांना मी सांगायचे. एका रात्री मी घरी झोपायला गेले आणि भाऊ जवळ होता. बाबा त्याला बराच वेळ काही सांगत होते. सकाळी त्याने मला विचारलं, "ताई, 'जीव टांगणीला लागणं' म्हणजे काय गं?" शब्द त्याने जसाच्या तसा लक्षात ठेवला होता. अर्थ मी सांगितला. मूळ धाग्यात लिहिलंय ना, समजावून सांगावं लागतं तिथे पिढी बदलते. आमच्यात ती तिथे बदलली, पण तो माझ्यापासून लांब गेला असं मला त्या सकाळी वाटलं नाही. उलट तो शब्द आम्हा दोघांचा झाला.

१९६१

मी ३१ वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे या विषयावर मला राहवत नाही.

वय, जन्मसाल आणि चालू वर्ष या तीन गोष्टी घ्या. त्यातल्या दोन कळल्या की तिसरी आपोआप ठरते. त्यामुळे एखादी सवय वयामुळे आहे, काळामुळे आहे की जन्माच्या तुकडीमुळे, हे नुसत्या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. बाहेरून एखादं गृहीत आणावंच लागतं. विशीतली मुलं नोकऱ्या पटापट बदलतात, असं दिसलं. हा त्यांच्या पिढीचा गुण, की विशीचा, की त्या वर्षीच्या बाजाराचा? त्याच मुलांना चाळिशीत पुन्हा पाहिल्याशिवाय बोलू नये.

२०२१मध्ये समाजशास्त्रज्ञ फिलिप कोहेन यांनी प्यूला जाहीर पत्र लिहिलं, दीडशेहून अधिक अभ्यासकांच्या सह्यांनी, की ही लेबलं वापरणं थांबवा. २०२३मध्ये प्यूनेही सांगितलं की पुढे ही नावं जपून वापरू, तरुणांची तुलना त्याच वयाच्या पूर्वीच्या तरुणांशी करता आली तरच. मला याचा फार आनंद झाला.

'बूमर' या पिढीचं मात्र वेगळं. तिथे मोजलेला आधार आहे. महायुद्धानंतर अमेरिकेत जन्म खरोखरच वाढले आणि साठच्या दशकात उतरले, म्हणून तिथलं जनगणना खातं १९४६ ते १९६४ हा काळ धरतं. पण तो तिथला आलेख. जपानमधली तशीच लाट १९४७ ते १९४९ अशी तीनच वर्षांची. जर्मनीत महायुद्धानंतर सर्वात जास्त मुलं जन्मली ती १९६४मध्ये, म्हणजे अमेरिकेत लाट संपली म्हणतात त्या वर्षी. एका देशाच्या पाळण्यांवरून काढलेली रेघ जगभरच्या माणसांच्या स्वभावाला लावायची, हे चूक आहे.

आता अनुभव. मी पहिल्या वर्षापासून वर्गाबद्दल टिपणवही ठेवायचे. निवृत्त झाल्यावर पहिली आणि शेवटची शेजारी ठेवून वाचली. पहिल्या वहीत ऑक्टोबरमध्ये लिहिलंय : 'या मुलांना धीर नाही, उत्तर लगेच हवं असतं.' शेवटच्या वहीत जवळजवळ तेच वाक्य. पहिल्या वर्गातली ती मुलं आता पन्नाशीत आहेत आणि त्यांच्यातले दोघे आपल्या मुलांबद्दल मला तेच सांगतात. बदलत मी होते, वर्गाच्या आणि माझ्या वयातलं अंतर वाढत होतं. एवढी वर्षं शिकवूनही हे मला वही उघडल्यावरच दिसलं.

१९८८

मी मोबाइल नेटवर्कवर काम करतो. आमच्याकडे पिढ्या कागदावर ठरतात. थ्रीजीची पहिली सेवा जपानमध्ये २००१ला, फोरजीची स्टॉकहोम आणि ऑस्लोमध्ये २००९ला. तारीख, शहर, मानक, सगळं लिहिलेलं.

पण एवढं स्पष्ट असूनही नवी सुरू झाल्याच्या दिवशी जुनी संपत नाही. दोन्ही वर्षानुवर्षं एकाच मनोऱ्यावरून चालतात. आम्ही एक जुनी सेवा बंद केली तेव्हा मदतकेंद्रात मी आठवडाभर बसलो होतो. एका बाईंचा फोन आला, आईचा हँडसेट लागत नाही म्हणून. मी सांगितलं, तो आता चालणार नाही, नवा घ्यावा लागेल. त्या म्हणाल्या, "नवा आहे हो घरात. तिला याची बटणं न बघता दाबता येतात." आईला डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. नवी पिढी कधी सुरू झाली याची तारीख सगळे सांगतात. जुनी कुणासाठी संपली, याची नोंद आम्ही ठेवत नाही आणि ती ठेवायला हवी.

१९९३

माझी मुलगी नोव्हेंबर २०२४ची, नणंदेची जानेवारी २०२५ची. मार्क मॅक्रिंडल या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी केलेल्या मांडणीत २०१० ते २०२४ 'अल्फा' आणि २०२५पासून 'बीटा'. दोघी अजून एकमेकींची खेळणी तोंडात घालतात. त्यांच्याबद्दल 'बीटा मुलं अशी असतील' असे लेख मी गरोदर असतानाच येत होते. ज्यांनी अजून काही केलं नाही, त्यांचं वर्णन आधीच लिहून ठेवू नये, एवढंच मनापासून सांगते.

२००५

१९६१च्या बाईंचं पटलं, पण एका बाबतीत नाही. वर्षांच्या पट्ट्या खोट्या असतील, पिढी खोटी नाही.

२०२०मध्ये करोनाची टाळेबंदी लागली, मी दहावीच्या उंबरठ्यावर होते. माझी तीन वर्षांनी मोठी आतेबहीण तेव्हा कॉलेजमध्ये मैत्रिणी करून मोकळी झाली होती. तीन वर्षांनी लहान भावाला ती मोठी सुट्टी म्हणून आठवते. मला मात्र असं आठवतं की पंधराव्या वर्षी, जेव्हा आपण घराबाहेर कोण आहोत हे कळायला लागतं, तेव्हा बाहेर हा प्रकारच नव्हता. माझ्या वयाच्या कुणालाही हे अर्ध्या वाक्यात कळतं.

समाजशास्त्र शिकायला लागल्यावर कार्ल मानहाइम यांचा १९२८चा निबंध वाचला आणि मला माझ्यासाठीच लिहिल्यासारखा वाटला. ते म्हणतात की एकाच काळात जन्मणं म्हणजे फक्त एक जागा मिळणं. तिथून पिढी होते ती उमलत्या वयात एकच उलथापालथ एकत्र सोसल्यामुळे. आणि पुढे ते आणखी बारीक भेद करतात : एकच घटना सोसूनही त्याला वेगवेगळं उत्तर देणारे गट एकाच पिढीत असतात.

हा शेवटचा भाग मला माझ्या बाकावरच्या मैत्रिणीमुळे कळला. मी त्या वर्षी खोलीत बसून चित्रं काढायला शिकले. तिच्या घरातलं उत्पन्न थांबलं, ती कामाला लागली आणि परत वर्गात आलीच नाही. जन्म एका महिन्यातला. आता भेटलो तर 'त्या वर्षी' म्हटल्यावर दोघींनाही कुठलं वर्ष ते सांगावं लागत नाही. पण त्यापुढे आम्हाला एकमेकींना सगळंच समजावून सांगावं लागतं. आम्ही एक पिढी की दोन, मी अजून ठरवू शकलेले नाही.

१९५८

सगळे पिढी सुरू कुठे होते ते लिहिताहेत. मी संपण्याबद्दल लिहिते.

गेल्या वर्षी माझी आत्या गेली, ९३ वर्षांची. आमच्या घरात तिच्या वरचं आणि तिच्या बरोबरीचं कुणी उरलं नव्हतं. तेराव्या दिवशी भाची सहज म्हणाली, "मावशी, आता तूच सगळ्यांत मोठी." मला 'पोरी' म्हणून हाक मारणारं माणूस या जगात नाही, हे तेव्हा लक्षात आलं. मी ६६ वर्षांची होते. तोवर कुठेतरी मी लहानच होते.

महिन्याभराने भाचीने कपाटात सापडलेला एक फोटो आणून दिला, आत्याच्या लग्नातला. म्हणाली, "यातले लोक कोण कोण आहेत, मागे लिहून दे ना." मी असे प्रश्न आत्याला विचारायचे. पेन्सिल घेऊन बसले. अकरा माणसं आहेत. नऊ नावं लिहिली. उरलेल्या दोघांपैकी एकीने लहान मूल कडेवर घेतलंय आणि ती आत्याकडे बघून हसतेय. तिचं नाव मी दर वेळी विचारायचे आणि दर वेळी विसरायचे, कारण पुन्हा विचारता यायचं.